अर्ध्या रेसवरचा हिशेब: इंजेक्शनवाली बाइक डायनोवर ट्यून करताना

संध्याकाळी सातला माजिवड्याहून गायमुखापर्यंत घोडबंदर रोडने गाडी चालवा आणि फुल रेस किती वेळा दिली ते मोजा. बहुधा एकदाही नाही. अख्खा रस्ता मनगट दोन ते वीस टक्क्यांत खेळत असतं. तरीही डायनोवर, म्हणजे चाकाखाली रोलर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवायला आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, आकडा किती येईल?" तो आकडा येतो फुल रेसला, इंजिन जवळजवळ शेवटच्या आरपीएमला असताना, आणि टिकतो जेमतेम सेकंदभर.

मी पेशाने मेकॅनिक नाही. रबाळे एमआयडीसीत मित्राचा गाळा आहे, त्यात डायनो आहे, आणि माझे बरेचसे शनिवार तिथे लॅपटॉपसमोर जातात. मागे घणसोलीचा एक मुलगा त्याची डॉमिनार ४०० घेऊन आला होता. बाहेरचा एअर फिल्टर, बाहेरचा सायलेन्सर, आणि तक्रार अशी की तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना गाडी धक्के देते आणि रेस सोडली की फटाके फोडते. पुढचं सगळं याच गाडीच्या आधाराने सांगतो, कारण अशीच तक्रार घेऊन सर्वात जास्त लोक येतात.

बुक करण्याआधी एक प्रश्न

फोनवर विचारा: डायनोला ब्रेक आहे का? नुसत्या जड ड्रमचा डायनो असेल तर त्याला इनर्शिया डायनो म्हणतात. ड्रमचं जडत्व माहीत असतं, चाकाने तो किती झपाट्याने फिरवला यावरून ताकद काढतात. फुल रेसचा ग्राफ त्यावर छान निघतो, पण गाडी एका आरपीएमला धरून ठेवता येत नाही. दुसऱ्या प्रकारात ड्रमला एडी करंट ब्रेक जोडलेला असतो, म्हणजे लोखंडी चकती आणि तिच्या बाजूला विजेचे चुंबक. करंट वाढवला की चकती जड होते. मग १० टक्के रेस देऊन गाडी ४००० आरपीएमला हवी तितकी सेकंदं धरता येते, जणू चढावर. हळू चालवतानाचे धक्के घालवायचे असतील तर ब्रेकवाला डायनोच हवा. इनर्शियावर पैसे टाकून फक्त भिंतीवर लावायला ग्राफ मिळेल.

गाडी आधी धडधाकट हवी

ट्यूनिंगने आजारी इंजिन बरं होत नाही, आजार झाकला जातो. टॅपेट क्लिअरन्स, प्लग, चेनचा ताण, क्लच, कूलंट, बॅटरी हे सगळं आदल्या आठवड्यात बघून घ्या. बॅटरीचं महत्त्व लोकांना पटत नाही. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ व्होल्टेजवर अवलंबून असतो. चार्जिंग १४ व्होल्टऐवजी साडेबारावर रेंगाळत असेल तर इंजेक्टर उशिरा उघडतो आणि तुमचा मॅप (पेट्रोल किती द्यायचं याचा तक्ता) त्या कमजोर बॅटरीसाठी ट्यून होतो. पेट्रोलचं प्रेशरही मोजून घ्या. बऱ्याच गाड्यांत ते ३ ते ३.५ बारच्या घरात असतं. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

थ्रॉटल बॉडी (रेस दिली की हवा आत सोडणारा भाग) आणि इंजिन यांच्यामधला रबरी बूट मात्र स्वतःच्या हाताने दाबून, वाकवून बघा. माझ्या स्वतःच्या गाडीवर मी एकदा चार तास घालवले होते. कमी रेसला लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), म्हणून पेट्रोल वाढवलं. जास्त रेसला रिच (पेट्रोल जास्त), म्हणून कमी केलं. तासाभराने पुन्हा सगळं बदललेलं. शेवटी मित्राने टॉर्च मारून बूट वाकवला, तर क्लॅम्पच्या खाली नखाएवढी चीर. इंजिन गरम झालं की ती उघडायची आणि मोजमापाबाहेरची हवा आत ओढायची. चार तासांचा मॅप फेकून दिला. तपासायची सोपी रीत अशी: इंजिन थंड असताना गाडी चालू करून स्लोवर ठेवा आणि बुटाच्या कडेला कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती आहे. फवारा पेट घेणारा असतो, बेंड पाइपवर (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम पाइपवर) उडू देऊ नका.

पेट्रोल रोज जे भरता तेच टाकीत हवं. खास डायनोसाठी महागडं १०० ऑक्टेन भरून येणारे असतात. त्यावर बसवलेलं टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते ते) मग साध्या पेट्रोलवर ठोके मारतं.

सायलेन्सरबद्दलही इथेच बोलून घेतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेली गाडी आमच्या गाळ्यात चढत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि आवाज-धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

रोलरवर

पुढचं चाक चॉकमध्ये, मागून दोन्ही बाजूंना पट्टे. पट्टे इतके आवळू नका की मागचं सस्पेन्शन बसेल. टायर रोलरवर जास्त दाबला तर तो गरम होतो आणि ताकद खातो. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा दर वेळी तेवढीच भरा. खाचांतले खडे काढा. पामबीचवरची खडी रोलरवरून बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, आणि म्हणूनच रन चालू असताना गाडीच्या सरळ मागे कोणी उभं राहायचं नाही. मोबाइलवर शूटिंग करणारे मित्र तर मुळीच नाही.

पंखा मोठा हवा आणि त्याचा झोत रेडिएटरवर हवा. धूर बाहेर नेणारा पाइप आणि एक्झॉस्ट फॅन चालू असल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून शटर अर्धं पाडून काम करणारे पाहिलेत, त्यांच्याकडे गाडी देऊ नका.

लॅम्डा कुठे मोजायचा

पेट्रोल पूर्ण जळायला जेवढी हवा लागते तेवढीच असेल तर लॅम्डा १. त्याखाली रिच, त्यावर लीन. गाडीत मुळात असलेला ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. त्याला फक्त १च्या इकडे की तिकडे एवढंच कळतं, ०.४५ व्होल्टच्या वर गेला तर रिच, खाली गेला तर लीन. ट्यूनिंगला नेमका आकडा सांगणारा वाइडबँड लागतो, बॉशचा एलएसयू ४.९ सर्रास वापरतात. तो बेंड पाइपवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवायचा, आणि आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला ठेवायचा, म्हणजे पाण्याचे थेंब त्यात साचत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात नळी खुपसून मोजण्याची पद्धत सोपी आहे, पण स्लोवर बाहेरची हवा आत शिरते आणि आकडा खोटा लीन दाखवतो. बेंड पाइपच्या जोडावर गळती असली तरी हाच घोळ.

स्क्रीनवर एएफआरऐवजी (हवा आणि पेट्रोलच्या वजनांचं प्रमाण) लॅम्डा लावून ठेवा. शुद्ध पेट्रोलला लॅम्डा १ म्हणजे १४.७, ई१०ला (१० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साधारण १४.१, ई२०ला (२० टक्के) साडेतेराच्या आसपास. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच हवेला जास्त पेट्रोल लागतं. ई१०वर ट्यून केलेली गाडी ई२०वर ओपन लूपमध्ये, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरकडे न बघता नुसत्या मॅपवरून पेट्रोल दिलं जातं तेव्हा, साधारण ४ टक्के लीन धावते. मीटर मात्र १४.७च्या हिशेबाने एएफआर दाखवत राहतो आणि लोक त्यावर वाद घालत बसतात. लॅम्डाला पेट्रोल कुठलं याच्याशी देणंघेणं नाही.

बेसलाइन, आणि एक जुनं दुखणं

काहीही बदलण्याआधी गाडी जशी आली तशी तीन रन. चौथा गिअर, इंजिन पूर्ण गरम, प्रत्येक रनआधी कूलंटचं तापमान तेच. तीन रनमध्ये एका टक्क्यापेक्षा जास्त फरक पडत असेल तर पुढे जाऊ नका. टायर घसरतोय, क्लच निसटतोय किंवा गाडी तापतेय.

डॉमिनारची कंपनीने सांगितलेली ताकद ४० पीएस, ती क्रँकवरची, म्हणजे थेट इंजिनवर मोजलेली. गिअरबॉक्स, चेन आणि टायर यांचं खाऊनपिऊन चाकावर त्यातली साधारण १२ ते १८ टक्के कमीच मिळते. चाकावर ३३-३४ दिसले म्हणून "माझी गाडी खराब आहे का" असं विचारणारे दर महिन्याला भेटतात. गाडी उत्तम आहे.

ग्राफवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत करेक्शन लिहिलेलं असतं, ते वाचा. हवा गरम, दमट किंवा विरळ असेल तर इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो. करेक्शन तो फरक भरून काढतं. एसएई जे१३४९ या करेक्शनच्या मानकामध्ये संदर्भाची हवा २५ अंश आणि कोरडा दाब ९९ किलोपास्कल. आपल्याकडे हे फार जाणवतं. जानेवारीच्या कोरड्या सकाळी गाळ्यातलं करेक्शन १च्या आसपास असतं. जुलैत २९ अंश, ९० टक्के दमटपणा आणि पावसाळ्यातला उतरलेला दाब असं असलं की तेच १.०३च्या वर जातं. म्हणजे चाकावर ३४ एचपी देणारी गाडी पावसाळ्यात खरोखरच एका एचपीहून जास्त ताकद गमावते, आणि त्यात गाडीचा दोष नसतो.

याच कोपऱ्याने मला एकदा फसवलं. दुसऱ्या एका ठिकाणी, माझी स्वतःची गाडी, "आधी" आणि "नंतर"चे दोन ग्राफ एकावर एक. दीड एचपी वाढली म्हणून मी खुशीत पैसे दिले. घरी येऊन पाहिलं तर आधीचा ग्राफ एसएईवर आणि नंतरचा एसटीडीवर होता. एसटीडीची संदर्भाची हवा जास्त थंड आणि दाट असल्याने तो आकडा साधारण ४ टक्के फुगवून दाखवतो. माझी दीड एचपी म्हणजे तेच ४ टक्के. तेव्हापासून दोन्ही ग्राफ एकाच डायनोवरचे, एकाच करेक्शनचे आणि एकाच स्मूदिंगचे असल्याशिवाय मी त्यांची तुलना करत नाही.

खरं काम: चौकट चौकट

इंजेक्शनचा मॅप म्हणजे एक तक्ता. आडवं रेस किती टक्के, उभं आरपीएम, आणि प्रत्येक चौकटीत पेट्रोल किती. तुम्ही ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) फ्लॅश करा, म्हणजे त्यातला मॅपच बदला, किंवा पॉवरट्रॉनिक, पॉवर कमांडरसारखा पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा वेगळा डबा) लावा, तक्ता असाच असतो. पिगीबॅकमध्ये मूळ पेट्रोलवर अधिक-उणे टक्के भरायचे असतात.

सुरुवातीलाच क्लोज्ड लूपचं काय करायचं ते ठरवा. सावकाश, एकसारखं चालवताना ईसीयू नॅरोबँडकडे बघून लॅम्डा १ राखत असतो. तिथे तुम्ही ५ टक्के पेट्रोल वाढवलं तर तो हळूहळू ते काढून घेतो, आणि तुम्हाला वाटतं मॅप लागूच होत नाही. दोन रस्ते आहेत. एकतर त्या चौकटींना हात लावू नका, नाहीतर ट्यूनिंगपुरता क्लोज्ड लूप बंद करा आणि काम झाल्यावर पुन्हा चालू करा. मी दुसरा घेतो. कायमचा बंद ठेवायला सांगणाऱ्याला विचारा, मग ई२०चा फरक कोण भरून काढणार?

आता चौथ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला ब्रेक लावून गाडी धरा. रेस ५ टक्के. तीन-चार सेकंद थांबा, कारण धूर सेन्सरपर्यंत पोचायला आणि आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. मग हिशेब: मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. फुल रेसच्या चौकटीत ०.९७ आला आणि ०.८८ हवा असेल तर भागाकार १.१०, म्हणजे पेट्रोल १० टक्के वाढवा. पुन्हा धरा, पुन्हा बघा. दोनदा फिरवलं की चौकट बसते. मग ३५००, मग ४०००. एक उभी ओळ झाली की १० टक्के रेस, मग २०. कमी लोडकडून जास्तीकडे जा, म्हणजे इंजिन आणि टायर उशिरा तापतात. ४० टक्क्यांच्या वर गेल्यावर प्रत्येक दोन-तीन चौकटींनंतर गाडी मोकळी फिरू द्या. पंखा चालू असला तरी शंभराच्या वेगाने येणाऱ्या वाऱ्याची सर त्याला नाही.

हवा असलेला लॅम्डा काय ठेवायचा? स्लो आणि आरामात चालवताना ०.९७ ते १, मधल्या लोडला ०.९२च्या आसपास, फुल रेसला ०.८६ ते ०.८९. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला थोडं आणखी रिच मानवतं. "सेफ्टीसाठी" ०.८०पर्यंत रिच करणारे आहेत. त्याने ताकद घटते, प्लग काळे होतात आणि पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं.

डॉमिनारचं दुखणं ५ ते १५ टक्के रेस आणि ३००० ते ४५०० आरपीएम यांच्यात सापडलं. एका चौकटीत लॅम्डा १.०६, शेजारच्या चौकटीत ०.८९. आधी कुणीतरी नेटवरून उतरवलेला मॅप टाकला होता, दुसऱ्याच सायलेन्सरचा. तिसऱ्या गिअरमध्ये मनगट केसभर हललं की इंजिन लीनमधून रिचमध्ये उडी मारायचं, तोच धक्का. अडीच तास आम्ही त्या पंधरा-वीस चौकटींवरच बसलो. मुलगा कंटाळला. "दादा, फुल रेस कधी?" मी म्हटलं, चहा पिऊन ये.

शेजारच्या चौकटींत ४-५ टक्क्यांहून मोठी उडी दिसली तर आधी संशय घ्या. इंजिनाला अशा पायऱ्या क्वचितच हव्या असतात. बहुधा मोजमाप चुकलेलं असतं. मधल्या चौकटी हाताने मिळवून उतार गुळगुळीत करा.

टायमिंगला हात लावताना

इथे चूक झाली तर पिस्टन जातो. गाडी मूळ स्थितीत असेल तर टायमिंग सोडून द्या, कंपनीने त्यावर महिनोन् महिने घातलेले असतात. बदलायचंच असेल तर पेट्रोल पूर्ण बसल्यावर. आरपीएम आणि रेस धरून ठेवा, एकेक अंश पुढे न्या आणि टॉर्क बघा. वाढायचा थांबला की दोन अंश मागे या. टॉर्क वाढत नसताना आणखी पुढे नेण्यात फक्त उष्णता मिळते.

बऱ्याच गाड्यांत नॉक सेन्सर नसतो, तेव्हा कान हाच सेन्सर. तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून, भोक पाडून इंजिनच्या बोल्टखाली आवळा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती इअरमफमध्ये घ्या. ठोके पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे ऐकू येतात. एकदा ऐकले की विसरत नाही. ऐकले तर त्याच क्षणी रेस सोडा आणि तीन अंश मागे.

फुल रेस, शेवटी

आता त्याचा आकडा. फुल रेसचे रन घ्या, लॅम्डाची रेघ ०.८८जवळ जमेल तितकी सपाट करा. इंजेक्टर किती वेळ उघडा आहे तेही बघा. ८८०० आरपीएमला चार स्ट्रोकचं एक आवर्तन १३.६ मिलिसेकंदात संपतं. इंजेक्टर साडेअकरा मिलिसेकंद उघडा असेल तर तो ८५ टक्के वापरला गेला. त्यापुढे पेट्रोल वाढवायला जागाच उरत नाही, आणि मॅपमध्ये कितीही आकडे भरले तरी इंजिन लीनच राहतं.

बाहेरच्या सायलेन्सरने ग्राफमध्ये मध्येच खड्डा पडतो. लॅम्डा बरोबर असूनही खड्डा राहिला तर तो पेट्रोलचा नाही, इनटेक आणि एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लाटांचा आहे. पेट्रोल ओतून तो भरत नाही. मूळ सायलेन्सर लावून एक रन घ्या, खड्डा नाहीसा झाला तर उत्तर मिळालं. आमच्या डॉमिनारचं तेच झालं. मुलाने तरी बाहेरचाच सायलेन्सर ठेवला. आवाज आवडतो म्हणाला.

मग डायनोचा ब्रेक काढून, २० टक्क्यांवरून झटक्यात रेस देऊन बघा. गाडी क्षणभर गुदमरली तर लीन, घोगरा आवाज काढून उठली तर रिच. अॅक्सेलरेशनचं जास्तीचं पेट्रोल वेगळ्या सेटिंगमध्ये असतं, मुख्य तक्त्यात ते भरू नका. रेस सोडल्यावरचे फटाके बहुतेक वेळा बेंड पाइपच्या जोडातून आत जाणाऱ्या हवेमुळे असतात. आधी गॅस्केट बदला. याही गाडीचं गॅस्केटच गेलं होतं.

घरी नेल्यावर

डायनोवर थंड इंजिन कधीच नसतं, म्हणून ही परीक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्येच होते. रात्रभर उभी ठेवा, सकाळी रेस न देता स्टार्टर मारा. दोन-तीन सेकंदांत धरली पाहिजे आणि स्लोवर टिकली पाहिजे. मग तुमच्या रोजच्या रस्त्यावरून, रोजच्या गर्दीत आठवडाभर चालवा. माळशेजला जाणार असाल तर तिथेही बघा. वर हवा विरळ होते आणि ईसीयू दाबाप्रमाणे पेट्रोल कमी करतो. तसं होत नसेल तर पिगीबॅकची वायरिंग तपासायला परत आणा. पाचेकशे किलोमीटरनंतर प्लग काढा. पांढरट असेल तर लीन, काजळी असेल तर रिच, फिकट तपकिरी असेल तर पुन्हा बसवून टाका.

फाइलला नाव नीट द्या: तारीख, पेट्रोल, फिल्टर, सायलेन्सर. त्या मुलाच्या फोनमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फाइल होत्या, आणि गाडीत कुठली होती ते त्यालाही सांगता आलं नाही. कंपनीचा मूळ मॅप वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, गाडी सर्व्हिसला देताना तो लागतो.